२३०ईची खडखड, भाग तिसरा: ७५ मिलिसेकंद

पहिले दोन भाग ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी १९८३ची मर्सिडीज २३०ई, म्हणजे डब्ल्यू१२३. चार सिलिंडरचं २.३ लिटरचं एम१०२ पेट्रोल इंजिन, चार गिअरची ऑटोमॅटिक. मामांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दिल्लीत एसटीसीच्या (स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या) लिलावात एका दूतावासाची म्हणून घेतली, आणि गेली अकरा वर्षं ती पुण्यात माझ्या डोक्याला ताप देत आहे.

तक्रार अशी: गरम झाली, सिग्नलला उभी राहिली, की खडखड. पत्र्याच्या डब्यात चार नट टाकून हलवावेत तशी. थोडी रेस दिली की गायब. सकाळी थंड इंजिनवर काहीच नाही, त्यामुळे मिस्त्रींकडे नेली की नेमकी शहाण्यासारखी वागते.

मागच्या भागात मी टायमिंग चेनच्या, म्हणजे क्रँकवरून (इंजिनच्या मुख्य दांड्यावरून) कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीच्या मागे लागलो होतो. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी तेच सांगितलं होतं, आणि सुरुवातीच्या एम१०२ला एकेरी चेन असते म्हटल्यावर संशय तिच्यावर जाणारच. टेन्शनर नवीन टाकला, कॅमची खूण आणि पुलीची खूण जुळवून चेनची ओढ तपासली. चेन उत्तम आहे. खडखडही उत्तम आहे. आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, मग टॅपेट असणार." (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्या मधला तुकडा.) मी म्हटलं, आता अंदाजाने एकही पार्ट टाकायचा नाही.

तर या वेळी पाना हातात घेण्याआधी मोबाइल घेतला. गाडी गरम करून आयडलिंगला बोनेटजवळ अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड केला आणि संगणकावर ऑडॅसिटीत उघडला. एरवी गाणी कापायला वापरतो ते सॉफ्टवेअर. लहर ताणून मोठी केली तर खडखडीचे काटे स्वच्छ दिसले. दोन काट्यांमधलं अंतर ७४, ७६, ७५ मिलिसेकंद.

आता हिशेब. आयडलिंग ८०० आरपीएम, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्याला ७५ मिलिसेकंद लागतात. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो, त्याचा एक फेरा १५० मिलिसेकंदांचा. एखादं टॅपेट वाजत असतं तर काटे १५०वर दिसले असते. चारही सिलिंडरच्या स्फोटांशी संबंध असता तर ३७.५वर. इथे बरोबर ७५. जे काही वाजतंय ते क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा वाजतंय. दोन महिने जो वाद चालला होता तो बिनपैशाच्या अर्ध्या तासात निम्मा मिटला. हे आधी का सुचलं नाही, असं विचारू नका.

क्रँकवरचं म्हटल्यावर पोटात गोळा आलाच, कारण बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंगही तिथेच असतं. म्हणून एकेक प्लग बाद करून पाहिला. इंजिन बंद करून वायर काढायची, अर्थला पक्की जोडायची, मग सुरू करून काही सेकंद ऐकायचं. चालू इंजिनवर वायर उपटू नका, या इग्निशनचा झटका गमतीचा नाही. आणि या गाडीची के-जेट्रॉनिक इंधन यंत्रणा सगळ्या सिलिंडरना सतत पेट्रोल देत राहते, त्यामुळे जास्त वेळ असं चालवलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं. बेअरिंग ठोकत असतं तर त्या सिलिंडरचा भार गेल्यावर आवाज मऊ झाला असता. चारही वेळा काही फरक नाही. इथे मी चहा घेतला.

मग पट्टे काढून मिनिटभर चालवली (वॉटर पंप बंद असतो, त्याहून जास्त नको). फरक नाही. एक्झॉस्टच्या पत्र्यात लाकडाची पाचर मारली. फरक नाही.

लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकण्याबद्दल माझं मत आता बदललंय. लोखंड आवाज सगळीकडे नेतं. हेडवर टेकवला तर हेडमधून येतो, चेंबरवर टेकवला तर चेंबरमधून. त्यापेक्षा बागेतल्या पाइपचा मीटरभर तुकडा बरा. एक टोक कानाशी, दुसरं टोक गाडीखाली फिरवायचं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथे, बेलहाउसिंगच्या खाली, पाइपातून तो नटांचा डबा कानात ओतला गेला.

आणि मग ज्या गोष्टीकडे मी इतके दिवस काणाडोळा केला होता ती आठवली. खडखड पी (पार्क) आणि एन (न्यूट्रल) मध्ये असते. ब्रेक दाबून डी (ड्राइव्ह) मध्ये टाकली की जवळजवळ जाते. मी समजत होतो की आरपीएम बदलतो म्हणून. पण डीमध्ये आरपीएम उलट थोडा खालीच येतो, म्हणजे आवाज वाढायला हवा होता.

ऑटोमॅटिकमध्ये जड फ्लायव्हील नसतं. क्रँकच्या मागे एक पातळ पोलादी प्लेट असते आणि तिला टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देणारा भाग) बोल्टने जोडलेला असतो. डीमध्ये चाकं धरलेली, कन्व्हर्टरमधलं तेल घुसळलं जातंय, त्यामुळे प्लेट एकाच दिशेने जोर लावत राहते. बोल्ट सैल असले तरी फट एका बाजूला दाबून बसते. न्यूट्रलमध्ये तो भार जातो, इंजिनच्या प्रत्येक हिसक्याला जड कन्व्हर्टर मागेपुढे आपटतो. थंड असताना आयडलिंग चढं असतं, हिसके लहान, म्हणून सकाळी गप्प.

दोन वर्षांपूर्वी गिअरबॉक्सचं पुढचं ऑइल सील गळत होतं म्हणून एका गॅरेजमध्ये बॉक्स उतरवला होता. कोणतं ते सांगत नाही.

रविवारी गाडी चार घोड्यांवर चढवली, बॅटरीची वायर काढली, खालचं झाकण उघडलं. प्लग काढून ठेवले आणि पुढून क्रँकच्या बोल्टला २७ची गोटी लावून इंजिन हाताने फिरवलं. फक्त घड्याळाच्या दिशेने, उलटं नाही. भाचा फिरवत होता, मी खाली आडवा. पहिला बोल्ट घट्ट. दुसरा घट्ट. तिसऱ्याला पाना लावायच्या आधीच तो बोटाने फिरला. त्याच्या शेजारचाही. पाचवा घट्ट, सहावा अर्धा पेच बाहेर. सैल बोल्टच्या डोक्याखाली प्लेट आरशासारखी चकचकीत घासलेली, आणि भोवती गंजाची तांबूस पूड. "मामा, सापडलं का?" भाचा वरून विचारत होता. मी उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हतो, फोटो काढत होतो.

सहाही बोल्ट नवे घेतले, नाना पेठेतून, १०.९ ग्रेडचे. दुकानदार थोडे लांब देत होता, "चालतात" म्हणाला. चालत नाहीत. लांब बोल्ट कन्व्हर्टरचा पत्रा आतून दाबू शकतो. जुना मोजून त्याच लांबीचे घेतले, पेचावर थ्रेडलॉकरचा थेंब, सगळे आधी हाताने बसवून मग टॉर्क पान्याने.

गरम करून सिग्नलला नेली. पीमध्ये, एनमध्ये, एसी लावून. शांत. इतकी की डॅशबोर्डवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

पण काम संपलेलं नाही. आरसा आणि बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर सैल बोल्टांपैकी एकाचं भोक प्लेटमध्ये लांबट झालंय. तडा दिसत नाही, पण इंजिनाकडची बाजू मला दिसतच नाही. म्हणजे प्लेट बदलायची आणि बॉक्स पुन्हा उतरवायचा. दिवाळीनंतर. तोपर्यंत गाडी कोथरूडच्या बाहेर जाणार नाही. कोणाकडे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्या एम१०२ची चांगली प्लेट पडून असेल तर कळवा.

उत्सुकतेपोटी परत रेकॉर्डिंग केलं. ७५चे काटे गेलेत. त्यांच्याखाली इतके दिवस दडलेले बारीक काटे आता दिसतायत, १५० मिलिसेकंदांवर. मिस्त्रींना अजून सांगितलेलं नाही.