जुन्या नाशकातला हत्ती आणि त्याच्या सोंडेवरचं घड्याळ

मंगळवारी रात्री मैत्रिणीच्या मावशींनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला, अंधारा, हललेला, पण सोंड वर केलेला हत्ती आणि सोंडेला लटकलेलं घड्याळ एवढं कळत होतं आणि मला तेवढं पुरे होतं. बुधवारी पहाटे पुण्याहून एसटी पकडली. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर, आणि अकराच्या आत नाशकात. मिसळ खाल्ली पण खरं सांगतो, चव आठवत नाही, डोक्यात हत्तीच होता.

मी गूढ घड्याळं जमवतो, म्हणजे ज्यांचे काटे फिरताना किंवा लंबक हलताना दिसतो पण मशीन कुठंय ते दिसत नाही अशी. फ्रान्सचा जादूगार रॉबेर-हूदँ मुळात घड्याळं बनवणारा, त्यानं एकोणिसाव्या शतकात आरपार दिसणाऱ्या काचेच्या तबकडीची घड्याळं केली, आणि त्याच कल्पनेवर पुढं १९१२ मध्ये कार्तिएचं 'मॉडेल ए' आलं. ती माझ्या आवाक्यातली नाहीत. पण जर्मनीच्या श्रामबर्ग गावातल्या युंगहान्स कंपनीनं हे हत्तीवालं घड्याळ घराघरात ठेवता येईल असं बनवलं, आणि माझ्या मते गंमत त्याच्यात जास्त आहे.

वाडा सराफ बाजाराच्या मागं, दहीपुलाकडून आत. दिंडी दरवाजा, चौक, आणि मावशी ओसरीवर उभ्याच होत्या. "या हो, चपला तिथंच राहू द्या, आधी चहा घ्या, हत्ती कुठं पळत नाही." मामंजींनी, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांनी, मुंबईहून आणलेलं घड्याळ, मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा चालू होतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला, सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा घाईघाईत वर माडीवर नेलं आणि तेव्हापासून बंद. तीन जणांना दाखवलं. एकानं तेल घातलं, एक म्हणाला स्प्रिंग गेली, एकानं तर नुसतं मशीन विकत मागितलं.

माडीवर गेलो, लाकडी तक्तपोशी, पावलागणिक करकरणारी, आणि तिच्यावर उंच कपाट आणि कपाटावर हत्ती. मागचं झाकण काढलं तर आत चांदणीतला जे, म्हणजे युंगहान्सच. हत्ती पण पितळी नव्हता, जस्ताच्या ओतकामाचा होता, त्यानं जीव भांड्यात पडला कारण हल्ली जड पितळी नकला फार फिरतात. चावी भरली, लंबकाला हात लावला. चाललं! पाच मिनिटं. मग झोका लहान लहान होत थांबलं. परत तेच. तिसऱ्यांदा मी कपाटाला बोटं टेकवून बसलो आणि कपाट लंबकाबरोबर हलत होतं, अगदी बारीक, पण हलत होतं.

झालं काय तर या घड्याळात हत्ती काहीच करत नाही, तो फक्त उभा असतो. घड्याळ हाच लंबक: वर तबकडी आणि मशीन, खाली दांडा आणि वजनदार गोळा, सगळं मिळून सोंडेवर दोन बारीक टोकांवर टेकलेलं. आणि मशीनच्या मागं झाकणात एक छोटासा दुसरा लंबक आहे, तो आत डावी-उजवीकडं हलतो आणि त्याच्या हिसक्यानं मोठा लंबक झुलत राहतो. हिसका इतकुसा की खालची जागा जरा हलली की सगळा जोर तिथंच जिरतो. (पॅरिसच्या गिलमेचं १८७२ च्या पेटंटचं घड्याळ याच्या उलट, त्यात मशीन बैठकीत असतं आणि वरचा पुतळाच किंचित वळतो, डोळ्याला कळतही नाही.) म्हणजे आठवडाभर पुरणारी चावी, स्प्रिंग, दातेचाकं सगळं धड होतं, माडी तेवढी हलत होती.

मग मावशींच्या नातवाला घेऊन हत्ती खाली आणला, ओसरीच्या दगडी जोत्यावर ठेवला, वाटीत पाणी घालून लेव्हल बघितली, एका बाजूला कागदाची घडी. चालू केलं आणि आम्ही तिघं बघत बसलो. चहा झाला, तासाभरानं जेवणं झाली, तरी चालूच. मावशींनी विचारलं, "मग मशीन कुठंय याचं?" मी झाकण उघडून आतला छोटा लंबक दाखवला. बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "मामंजी सांगायचे सोंड हत्तीच हलवतो, रोज सकाळी एक भिजवलेला हरभरा ठेवायचे त्याच्यापुढं." मग म्हणाल्या, "लावून टाका ते झाकण."

वाडा पाडायचा ठरलाय, फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून विकायचं. त्यांनी सांगितलेला आकडा फारच कमी होता, मी बाजारात काय चाललंय ते त्यांना फोनवर दाखवून त्याप्रमाणं पैसे दिले. जुन्या वाड्यांतून लोक भंगाराच्या भावात अशा वस्तू उचलतात त्याचा मला मनापासून राग येतो.

आतला लंबक मोकळा ठेवून प्रवास केला तर मशीन खराब होतं, म्हणून मेन रोडला एका घड्याळवाल्या काकांकडून तो काढून घेतला. त्यांच्या फळीवर अमेरिकेतल्या जेफरसन कंपनीचं 'गोल्डन आवर' दिसलं! सोनेरी कडं, मधे नुसती काच, मिनिटकाटा काचेलाच चिकटवलेला आणि काचच फिरते, दाते कड्यात लपलेले, मोटर खाली बैठकीत. काका म्हणाले ट्रान्सफॉर्मर लावला तरी मागंच पडतं. पडणारच, मोटर ६० सायकलची, म्हणजे सेकंदाला ६० वेळा दिशा बदलून परत येणाऱ्या विजेच्या ठेक्यावर फिरणारी, आणि आपली लाईट ५० ची, ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट बदलतात, सायकल नाही, म्हणून तासाला दहा मिनिटं जातात. काका हसून म्हणाले, "मग हे घड्याळ नाही, शोभा आहे." विकायला तयार नव्हते, मीही ताणलं नाही.

परतीच्या एसटीत हत्ती पायाशी आणि घड्याळ मांडीवर, मावशींच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. आमच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात न हलणारी जागा स्वयंपाकघराचा ग्रॅनाइटचा ओटा निघाली, तर हत्ती सध्या गॅसपासून लांब, खिडकीकडच्या कोपऱ्यात आहे. रोज चारेक मिनिटं मागं पडतो, हळूहळू जमवतोय. मावशींचा दर रविवारी फोन येतो, झुलतोय ना एवढंच विचारतात. मी हरभरा ठेवतो.