तुम्ही विचारलंत म्हणून: थालीपिठात पाणी किती घालायचं?

माझ्या डब्यातलं थालीपीठ पाहिलं की दोन प्रश्न हमखास येतात. इतकी भाजी घालूनही ते मोडत कसं नाही? आणि पीठ भिजवायला पाणी किती घेता? २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून ज्वारी-बाजरीकडे पुन्हा वळलेल्या मैत्रिणी तर फारच विचारतात. एरवी घाईत काहीतरी सांगते, आज नीट सांगते.

पाणी मी घालतच नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

दोन वाट्या बारीक चिरलेली मेथी किंवा कोबी, वाटीभर दुधीचा कीस, एक मोठा कांदा, मूठभर कोथिंबीर, वाटलेली हिरवी मिरची आणि लसूण, हळद, तीळ, थोडा ओवा. हे सगळं परातीत घेते, मीठ चोळते आणि दहा मिनिटं हात लावत नाही. मीठ भाजीतलं पाणी ओढून घेतं. त्या पाण्यात सामावेल तेवढीच भाजणी घालायची, साधारण दीड ते दोन वाट्या. अगदीच कोरडं वाटलं तर वरून पाण्याचा एक हबका.

कित्येक वर्षं मी उलटं करत होते. आधी भाजणी, मग भाजी, मग पाणी. गोळा मळताना सुरेख वाटायचा, पण थापेपर्यंत भाजीला पाणी सुटून सैल व्हायचा. मग आणखी पीठ घाला, आणखी तेल सोडा. शेवटी जे व्हायचं ते वातड.

मोडण्याचं कारण मात्र भाजणीत असतं. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांत ग्लुटेन नसतं, त्यामुळे ती एकमेकांना धरून राहत नाहीत. ते काम गहू आणि उडीद करतात. उडदाच्या पिठाला पाणी लागलं की चिकटपणा येतो. माझं प्रमाण असं: ज्वारी आणि बाजरी प्रत्येकी दोन वाट्या; गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ आणि अख्खे उडीद प्रत्येकी एक वाटी; धणे अर्धी वाटी, जिरे दोन चमचे. उडीद कमी करून ज्वारी वाढवली तर थालीपीठ उलटताना हमखास तुटतं.

प्रत्येक धान्य वेगळं आणि मंद आचेवर भाजायचं, यात मी तडजोड करत नाही. सगळं एकत्र कढईत टाकलं तर बारीक बाजरी करपते आणि हरभऱ्याची डाळ आत कच्चीच राहते. भाजणीचा खमंगपणा इथेच ठरतो, नंतर कितीही मसाला घालून तो येत नाही. गिरणीत जरा रवाळ दळून आणते आणि चाळत नाही, कारण चाळणीवर राहतो तो कोंडाच तर हवा असतो. बाजरीत तेलाचा अंश बराच असल्यामुळे पीठ लवकर खवट होतं, म्हणून महिनाभर पुरेल एवढंच दळते.

धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळींत भरपूर असतं. आणि डाळींत जे कमी पडतं ते धान्यातून मिळतं. त्यामुळे डाळ वगळून नुसत्या भरडधान्यांची भाजणी करू नका. खाताना वर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने धान्याभाज्यांतलं लोह शरीराला जास्त मिळतं. चहा मात्र तासाभराने घ्या, कारण तो हेच लोह अडवतो. थालीपीठ आणि चहा ही जोडी मोडायला जिवावर येतं, मला ठाऊक आहे.

थापायला ओलं सुती फडकं घ्या. पाणी लावलेल्या बोटांनी मधून कडेकडे थापत न्या, चार-पाच भोकं पाडा आणि फडक्यासकट तव्यावर उलटं टाकून फडकं अलगद सोडवा. तवा कडकडीत तापलेला नको. भोकांत थेंब थेंब तेल सोडून झाकण ठेवा. भाजीची वाफ आत कोंडली की थालीपीठ आतून शिजतं. कडा आपोआप सुटल्या की उलटा, आणि दुसरी बाजू झाकण न ठेवता भाजा, म्हणजे खुसखुशीत होते.

डब्यात द्यायचं असेल तर तव्यावरून थेट डब्यात घालू नका, वाफेने खालची बाजू चिकट होते. दोन मिनिटं जाळीवर ठेवा, मग कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा. आणि सकाळची घाई नको म्हणून गोळा रात्रीच मळून ठेवायचा मोह होतो, तो टाळा. भाजी रात्रभर पाणी सोडत राहते. रात्री भाजी चिरून ठेवा. मीठ सकाळीच लावा.