आमची वाटचाल: वारली चित्रं, कापडापासून चौकटीपर्यंत

डहाणू-जव्हार पट्ट्यातल्या वारली चित्रकारांना चौकटी करून देणं, एवढ्यावर आमचा धंदा सुरू झाला. पुढे कापड तयार करणं आलं, मग विक्री. विक्रीत उतरलं की पहिली ओढाताण होते ती विषयावरून. गिऱ्हाइकाला तारप्याचा (फुंकून वाजवायच्या वाद्याचा) नाच हवा असतो, सोफ्याच्या वर शोभेलसा. चित्रकाराला मात्र बऱ्याचदा वीटभट्टी काढायची असते.

दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कित्येक कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मग चित्रात टेम्पोत कोंबलेली भांडी, पोरं, कोंबड्या येतात. रात्रीच चिखल तुडवायला उठलेली माणसं येतात. कच्च्या विटांवर अवकाळी कोसळला की विटांचा पुन्हा चिखल होतो. तो पाऊस तिरक्या रेघांचा. त्याच कापडाच्या वरच्या कोपऱ्यात सरळ रेघांचा पाऊस आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी. दोन्हीकडे माणसं दोन त्रिकोणांची आणि वाकलेलीच. फक्त आवणीच्या बांधावर मुकादम नाही.

‘हे पारंपरिक नाही’ असं व्यापारी सांगतात. लग्नचौक सुवासिनींनी भिंतीवर काढायचा, ही परंपरा खरीच. पण वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात रोजचं जगणं कागदा-कापडावर आणलं, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विषय आम्ही ठरवून देत नाही. आमचं काम त्या चित्राला टिकाऊ पाया देण्याचं.

कापड जाडसर, न धुवट मांजरपाट. रात्रभर पाण्यात भिजवून, दोनदा खळबळून त्याची खळ पूर्ण काढायची. खळ राहिली तर रंग तिच्यावर बसतो, धाग्यात मुरत नाही आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. कापड आटतं, म्हणून मापं धुतल्यावरच घ्यायची. चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त. शेण किंवा गेरू पाण्यात कालवून मलमलीतून गाळायचा, ताकाइतका पातळ, आणि त्यात बेताचा फेविकॉल. एक हात आडवा, तो सावलीत वाळला की दुसरा उभा. उन्हात वाळवलं तर डाग पडतात. वाळल्यावर अंगठा घासून बघायचा: बोटाला भुकटी लागली तर गोंद कमी. कोपरा दुमडून बघायचा: तडकला किंवा चमकला तर जास्त. चमक आली की पांढरी रेघ घसरते, म्हणून जास्तीचा गोंद आम्हाला अधिक नडतो.

भिंतीवर तांदळाचं पीठ आणि बांबूची चावून मऊ केलेली काडी चालते. विकायच्या कापडावर पीठ नको, कोकणच्या दमटपणात त्याला बुरशी आणि झुरळं दोन्ही लागतात. तिथे पांढरा ॲक्रिलिक. काडी मात्र चित्रकार सोडत नाहीत, आणि आम्हीही आग्रह धरत नाही. बारीक ब्रशची रेघ फार गुळगुळीत येते.

चौकटीत सगळ्यात मोठा घोळ काचेचा. काच कापडाला टेकली की पावसाळ्यात मधे ओल धरते, रंग काचेला चिकटतो आणि काढताना निघून येतो. म्हणून मधे निदान पाच मिलिमीटरची पट्टी घालायची. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी गुटके लावायचे, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळते. मागे स्वस्त प्लाय लावू नये, वाळवीला आमंत्रण.

दर चौरस फुटावर लावायची बाजारात पद्धत आहे. त्यात दाट भरलेल्या भट्टीच्या चित्राचं नुकसान होतं: हजारभर विटा काडीने काढायच्या आणि पैसे चार झाडांच्या चित्राइतके. आम्ही कामाच्या दिवसांवर दर धरतो आणि चित्र हाती आलं की पूर्ण पैसे देतो. पुढच्या चित्रांपोटी उचल देत नाही. उचलीने माणूस भट्टीला बांधला जातो. तीच रीत चित्राच्या धंद्यात आणायची नाही, यावर आमच्याकडे वाद होत नाही. ऑर्डर रद्द झाली तरी तयार चित्राचे पैसे परत मागत नाही, ते आमच्या साठ्यात जातं.

जून ते सप्टेंबर काचेची चौकट बाहेरगावी पाठवत नाही. त्या दिवसांत चित्र चार इंची पीव्हीसी पाइपवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळतो. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन कपच्या सुटतात. वरून बटर पेपर, त्यावर प्लास्टिक. चौकट गिऱ्हाइकाने आपल्या गावात करून घ्यायची. पाच मिलिमीटरच्या पट्टीची चिठ्ठी आम्ही सोबत देतो.