दुबईची शिडे आणि वल्ही

दुबईत होणाऱ्या पारंपरिक जहाजांच्या शर्यतींमध्ये सर्वांत मोठा मान ‘अल गफ्फाल’चा आहे. शेख हमदान बिन राशिद अल मक्तूम यांच्या पुढाकाराने १९९१ साली ती सुरू झाली. मोत्यांचा हंगाम संपवून घराकडे परतणाऱ्या गलबतांची आठवण जागती ठेवणे हा तिचा हेतू आहे. भर समुद्रातल्या सिर बू नैर बेटापासून दुबईच्या किनाऱ्यापर्यंत, पन्नासहून अधिक सागरी मैल, ६० फुटी लाकडी जहाजे केवळ वाऱ्याच्या बळावर धावतात. अलीकडच्या काही वर्षांत शंभराहून अधिक जहाजे त्यात उतरली आहेत.

सुरुवातीला सगळी जहाजे शिडे उतरवून एका रांगेत उभी असतात. इशारा मिळताच खलाशी जोर लावून परबाण, म्हणजे शीड ज्याला बांधलेले असते तो लांब वासा, वर खेचतात आणि भले थोरले त्रिकोणी शीड वाऱ्यावर पसरते. या पहिल्या काही क्षणांत ज्यांचे शीड लवकर भरते, त्यांना मोकळा वारा मिळतो. मागे राहिलेल्यांना पुढच्या शिडांनी अडवलेल्या वाऱ्यातून वाट काढावी लागते. बेट दुबईच्या जवळपास थेट पश्चिमेला असल्यामुळे, ‘शमाल’ हा वायव्येचा वारा वाहत असला की जहाजांना तो मागून आणि तिरपा लाभतो, आणि त्याच वेगात जहाज कलू नये म्हणून खलाशी वाऱ्याकडच्या कडेला वजन टाकून बसतात. वारा पडला तर मात्र नाखव्याची सारी हुशारी वाट पाहण्यात जाते. वारा अनुकूल नसेल तर शर्यत पुढे ढकलण्याची पाळीही येते, आणि वाऱ्यावरच चालणाऱ्या खेळात ते योग्यच आहे.

गंमत अशी की ही परतीची शर्यत बहुधा मे-जूनच्या सुमारास होते, म्हणजे ज्या दिवसांत मोत्यांची गलबते घर सोडून निघत असत. खरी परत सप्टेंबरच्या सुमारास होई, आणि ती नुसती आनंदाची नसे. बुडी मारणारे पाणबुडे आणि त्यांना दोरीने वर ओढणारे मदतनीस हंगामापूर्वी उचल घेत. मोती कमी सापडले की ती फिटत नसे आणि कर्ज पुढच्या हंगामावर जाई. मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत होता आणि गलबतांना लागणारे सागवान मलबार किनाऱ्यावरून जात असे, म्हणून हा इतिहास आपल्याला तसा परका नाही. जपानचे संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी १९३०च्या दशकात हा धंदा मोडला. शर्यतीने परतीचा जल्लोष तेवढा उचलला आणि कर्जाची वही किनाऱ्यावरच ठेवली. उत्सवाकडून याहून वेगळी अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल. तरी हा हिशेब ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ती शिडे थोडी निराळी दिसतात.

माझा ओढा मात्र वल्ह्यांच्या शर्यतींकडे अधिक आहे. दुबईत ३० फुटी पारंपरिक होड्यांच्या शर्यतीही होतात, पण त्यांचा बोलबाला फारसा होत नाही. मोत्यांच्या धंद्यात लांबच्या पल्ल्यासाठी शीड असले, तरी शिंपल्यांच्या एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाताना वल्हीच लागत. जहाज नांगरल्यावर तीच वल्ही कडेने बाहेर काढून ठेवत आणि दोन बुड्यांच्या मधे पाणबुडे त्यांच्या आधाराने दम घेत. वल्हवण्याला ताल मिळावा म्हणून जहाजावर ‘नहाम’ नावाचा खास गायक असे. तेव्हा रोजच्या कष्टाचा अंश शोधायचाच, तर तो वल्ह्यांत अधिक सापडतो.

पाहणाऱ्याच्या दृष्टीनेही वल्ह्यांची शर्यत उजवी आहे. अल गफ्फालचा बहुतेक भाग दूर समुद्रात होतो आणि किनाऱ्यावर थांबलेल्यांना क्षितिजावर उगवणारी शिडे व शेवटची चुरस एवढेच दिसते. वल्ह्यांची शर्यत आखूड असल्यामुळे डोळ्यांसमोर घडते. एका माणसाचा हात क्षणभर मागे पडला तर होडीचे नाक कसे वळते, ते सावरताना बाकीच्यांची लय कशी मोडते आणि दरम्यान शेजारची होडी कशी पुढे निघते, हे सारे तिथे उभ्या उभ्या समजते.