तुम्ही विचारलंत म्हणून : एका घडापायी अख्खं पुस्तक?

"मुलांच्या पुस्तकात एवढं काय बघायचं असतं हो?" हे मला लग्नकार्यात विचारतात, शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारतात, प्रकाशक तर फोन करून विचारतात. "मुलांना आवडलं ना, मग तुम्ही कोण नाही म्हणणार?" हेही त्यातलंच. शाळांच्या वाचनालयांसाठी चित्रपुस्तकं निवडणाऱ्या गटात मी अकरा वर्षं आहे आणि इतकी वर्षं काहीतरी बोलून वेळ मारून नेत आले. ते द्राक्षांचं पुस्तक यादीतून काढल्यापासून विचारणारे वाढलेत, म्हणून आता नीट सांगते.

पुस्तक हातात आलं की मी आधी पोस्टकार्डाने मजकूर झाकते आणि नुसती चित्रं बघते. मग दुसऱ्या कुणाकडून नुसता मजकूर वाचून घेते. दोन्ही वेळा गोष्ट पुरतीच्या पुरती कळली तर मी खट्टू होते. 'मिनूने लाल फ्रॉक घातला' असं लिहायचं आणि शेजारी लाल फ्रॉकमधली मिनू काढायची, यात चित्राने नवीन काय सांगितलं? पॅट हचिन्स यांच्या १९६८ सालच्या 'रोझीज वॉक'मध्ये एक कोंबडी फेरफटका मारून जेवायच्या वेळेला घरी येते, एवढंच शब्दांत आहे. तिच्या मागावर असलेला कोल्हा फक्त चित्रांत. मजकुरात त्याचं नावसुद्धा नाही. त्यामुळे वाचणारं माणूस शांतपणे वाचत राहतं आणि मांडीवरचं पोर ओरडतं, "अगं, मागे बघ!" वाचणाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त कळलंय, हे त्या पोराच्या तोंडावर दिसतं. तेवढ्यासाठी मी हे काम करते.

पान उलटण्यालाही मी जपते. छपाईचा फॉर्म, म्हणजे छापून दुमडलेला एक कागद, आठ किंवा सोळा पानांचा, म्हणून ही पुस्तकं बहुतेक १६, २४ नाहीतर ३२ पानांची असतात. ३२ पानांत उलटायच्या जागा सोळा. कुतूहल डाव्या पानावर आणि त्याचं उत्तर समोरच उजव्या पानावर आलं, की एक जागा वाया गेली. आणि आजीचा चेहरा नेमका मधल्या पिनांत सापडला असेल, तर ते पुस्तक कुणी पुस्तकासारखं हातात धरून पाहिलेलंच नसतं. याला कीस काढणं म्हणत असाल तर म्हणा.

हे सगळं येत असूनही त्या द्राक्षांच्या पुस्तकात मी चुकले.

तीन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे आलं. जलरंगातली चित्रं, मण्यांतून आरपार येणारं ऊन, मजकूर पानाला दोन ओळी. चित्रांना मी १० पैकी ९ दिले. नोव्हेंबरमध्ये नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत ते घेऊन गेले. वर्गातली निम्मी मुलं पेठ-सुरगाण्याकडून बागांच्या कामावर आलेल्या टोळ्यांमधली होती. मी पुस्तक छातीशी उघडं धरून वाचत होते. सातव्या पानावर एक बाई कात्रीने द्राक्षवेल छाटते आहे आणि तिच्या डोक्यावर, खांद्याजवळ भरलेले घड लोंबताहेत. ते माझं सर्वांत आवडतं पान. तिसरीतली एक मुलगी उठून पुढे आली. तिने कात्रीवर बोट ठेवलं, मग घडावर.

"मॅडम, घड असताना छाटतेत का?"

मला कळलंच नाही. तीच पुढे म्हणाली, "छाटल्यावर बाग उघडी पडते. नुसत्या काड्या. मग आई डोळ्यांना पेस्ट लावते." आणि हवेतली काडी चिमटीत धरून तिने ते करून दाखवलं, एकेका डोळ्यापाशी, म्हणजे काडीवर जिथून कोंब फुटतो तिथे, थांबत.

मी म्हणाले, "चित्रात चालतं गं. बस, पुढे ऐक."

तिने बोट काढून घेतलं. जागेवर जाऊन बसली आणि गोष्ट संपेपर्यंत सतरंजीचा एक धागा ओढत राहिली. शेवटी मी विचारलं, कुणाला काय आवडलं? भराभर हात वर झाले. तिचा नाही.

परतीच्या एसटीत दिंडोरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुकत्याच छाटलेल्या बागा होत्या. सकाळी त्यांच्यामधूनच गेले होते मी. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, वेलीवर पिकलेला घड नसतोच. काढणी फेब्रुवारी-मार्चची. जन्म नाशिकात गेला आणि हे मला सांगायला आठ वर्षांची मुलगी लागली. मी रंग बघत होते, त्या बाईचे हात काय करताहेत ते पाहिलंच नव्हतं.

पुस्तक मी यादीतून काढलं. चित्रकाराचा फोन आला. तो दुखावला होता. "एका घडापायी? निळा हत्ती चालतो तुम्हाला, मग हे का चालत नाही?"

मी सांगितलं, निळा हत्ती काढणाऱ्याला हत्तीचा रंग माहीत असतो आणि बघणाऱ्या मुलालाही. तिथे दोघं मिळून खेळतात. तुम्हाला छाटणी माहीत नव्हती. उत्तर बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. पण तो म्हणाला, "माहीत असूनही काढलं असतं तर पान वेगळं दिसलं असतं का?" यावर मी गप्प बसले. दिसलं असतं, असं मी आज म्हणते. उद्या म्हणेन का, सांगता येत नाही.

आणि खरं बोलायचं तर चूक त्याच्या चित्रात होती, पण त्या मुलीला गप्प मी केलं. कोल्हा दिसलेल्या पोरासारखीच ती उठून आली होती, फक्त हा कोल्हा चित्रकाराने मुद्दाम ठेवलेला नव्हता. मी "अगं खरंच की, सांग ना अजून" एवढं म्हटलं असतं, तर त्या तासाला वर्गात सगळ्यात जाणती तीच ठरली असती. पुस्तक काढलं, त्यात माझ्या वाक्याचाही राग होता. त्यामुळे बाईला कामावर दाखवणारं एक पुस्तक त्या शाळांच्या हातून गेलं, आणि अशी पुस्तकं मुळात किती आहेत? हे मी गटाच्या बैठकीत बोलले नाही. तिथे नुसतं 'तपशिलाची चूक' असं लिहिलं.

फेब्रुवारीत पुन्हा गेले, तेव्हा तिची टोळी दुसऱ्या बागेवर गेली होती.

पुस्तक माझ्या पिशवीत आहे. नाशिक शहरातल्या गंगापूर रोडवरच्या मुलांनी ते परवा सलग तीनदा वाचायला लावलं, त्यांना फार आवडतं. यादी दोन्हीकडच्या शाळांना एकच जाते. सातवं पान आलं की मी आता थांबते, काही बोलत नाही. तिथे अजून कुणी बोट ठेवलेलं नाही.