नाना कोठे गयात?

सोमवार, 4 जुलै 2016. सकाळी पावणेसातला पहिला फोन आला. पलीकडून ना राम राम, ना नाव, ना गाव. थेट सवाल, "भाऊ, नाना कोठे गयात?"

मी अमळनेरात केबलच्या लोकल चॅनलचं काम बघतो. शूटिंग माझं, एडिटिंग माझं, दुकानोदुकानी जाऊन जाहिराती गोळा करणंही माझंच. दर रविवारी रात्री आठला आमचा गाड्यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. जुना ट्रॅक्टर घेताना काय काय बघायचं, मोटारसायकलच्या क्लच प्लेटा कधी बदलायच्या, तीनचाकी मिनीडोरचा पाटा नेहमी कुठे तुटतो, असले विषय. तो चालवायचे नाना. चाळीस वर्षं ट्रॅक्टर खोललेला मिस्तरी, डोक्यावर पांढरी टोपी, तोंडात शुद्ध अहिराणी. कॅमेरा समोर आहे हे त्यांना कधी जाणवलंच नाही. समोर गिऱ्हाईक उभं आहे अशा थाटात बोलायचे.

या कार्यक्रमाचं बी मात्र विलायती होतं. बीबीसीचा गाड्यांचा कार्यक्रम 'टॉप गिअर' मी रात्री काम आटोपल्यावर बघायचो. त्यातलं इंग्रजी निम्मंच कळायचं. पण जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे ही तीन माणसं भंगारातल्या गाड्या घेऊन कुठल्या तरी आडरानात जायची, रस्त्यात एकाची गाडी बंद पडली की बाकीचे दोघे त्याला सोडून पुढे निघायचे, हे बघायला भाषा लागत नाही. अमळनेर ते चोपडा रस्त्यावर काळीपिवळीतून फिरलेल्या माणसाला तर मुळीच नाही. तेव्हाच डोक्यात आलं, आपल्याकडे असं का होऊ नये? आपल्या गाड्या, आपले रस्ते, आपली बोली.

नानांची एक गोष्ट सांगतो म्हणजे पुढचं कळेल. इंजिन चालू करायचं. लांब पेचकसाचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. मी कॅमेरा अगदी जवळ, त्यांच्या पापण्यांपर्यंत न्यायचो. दहा सेकंद, पंधरा सेकंद. टीव्हीवर पंधरा सेकंद काही न बोलणं म्हणजे फार मोठा वेळ असतो. त्यांच्या कपाळावरची एक शीर हलायची. मग पेचकस खाली, डोळे उघडे, आणि हळूच, "दुसरा सिलिंडरनं टॅपेट ढिलं शे." आणि शेवटी नेहमीचं वाक्य, "गाडी बोलस. तुम्ही फक्त आयका."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि नाना सुरतेला मुलाकडे राहायला गेले. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, गुडघे कामातून गेलेले, मुलाचं तिथे साड्यांचं काम. सुरत आम्हा खानदेशवाल्यांना परमुलूख नाही. ताप्ती लाइनच्या गाडीत बसलं की नंदुरबार, नवापूर करत माणूस सुरतेत उतरतो आणि तिथे गल्लीच्या गल्ली आपल्याच भागातली भेटते. जाताना नाना म्हणाले, "लोकेसले काही सांगू नका, उगा गवगवा नको." मी ते लगेच मान्य केलं. खरं कारण त्यांचा शब्द नव्हता. नाना गेले हे कळलं की जाहिरातदार पळतील ही मला भीती होती. सात आठवडे मी जुनेच भाग दाखवत राहिलो आणि कोणालाही काही सांगितलं नाही.

मधल्या काळात एक पोरगा शोधला. फैजपूरकडचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, इथल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. हात सरावलेले, चेहरा हसरा. खानदेश बाहेरून एक दिसतो, पण फैजपूर, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात लेवा बोली चालते. बहिणाबाईंची ती भाषा. अमळनेर, पारोळा, धुळ्याकडे अहिराणी. त्या पोराला अहिराणी कळायची, पण बोलता येत नव्हती. मी त्याला नानांच्या पंधरा भागांच्या सीडी दिल्या. म्हणालो, "असंच बोलायचं. अगदी असंच." पांढरी टोपीसुद्धा घालायला लावली. बिचाऱ्याने पंधरा दिवस घोकंपट्टी केली आणि 3 जुलैच्या रविवारी त्याचा पहिला भाग लागला.

त्या भागात माहितीची एकही चूक नव्हती. ऑइलची पट्टी बाहेर काढून त्याने दाखवलं की तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी उतरलंय, गॅस्केट गेली असेल, नाही तर हेडच तडकलं असेल. काळा धूर, निळा धूर, पांढरा धूर, तिन्हींमधला फरक नानांपेक्षाही नीट सांगितला. पण पेचकस कानाला लावला तो तीन सेकंद. लगेच मोठ्याने "गाडी बोलस!" आणि कॅमेऱ्याकडे बघून हसू.

सोमवारी दुपारपर्यंत माझ्या वहीचं दीड पान भरलं. प्रत्येक फोन मी लिहून घेत होतो, कारण पहिल्या तासातच लक्षात आलं होतं की हे नेहमीचं नाही. कोणी म्हणे, पोऱ्या चांगला शे, पण नाना कोठे? कोणी म्हणे, याला गाडीतलं काही कळत नाही. तसं म्हणणाऱ्याला मी विचारलं, काय चुकलं? तर उत्तर नाही. कोणी तावातावाने म्हणालं, तुम्ही नानांना काढलं, पैसे कमी दिले असतील. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरची पोरं एकाच फोनवर आळीपाळीने बोलली. टॉप गिअर बघणारी होती, आणि तिकडे क्लार्कसनच्या जागी नुकताच ख्रिस इव्हान्स आला होता. म्हणाली, "काका, तुमच्याकडेही ख्रिस इव्हान्स आला."

एक फोन पारोळ्याहून होता. बाई बोलत होत्या. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, रिटायर झाल्यावर लकव्याने एक बाजू गेली. बोलणं तुटक. घरात सायकलसुद्धा नाही. पण रविवारी आठ वाजले की त्यांना उशीला टेकवून बसवावं लागतं. "काल त्यासनी पाच मिनिटं दखं आन भिताडकडे तोंड करी लिधं," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. मी चूक केली असं त्या म्हणाल्याच नाहीत. बंद करा म्हणाले तर बंद केला, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. दिवसभरातला हाच फोन मला सगळ्यात जास्त लागला.

तीनच्या सुमाराला ऑफिसच्या दारात मिनीडोर थांबली आणि एक आप्पा उतरले. सत्तरीचे असतील. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. आत येऊन टोपी काढून बसले. पोरगाही तेव्हा तिथेच होता, सकाळपासून फोन ऐकून त्याचा चेहरा उतरलेला. आप्पांनी पाणी घेतलं नाही. म्हणाले, "माले नानासना घरना पत्ता द्या. दारवर जानं शे."

माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे कोणी वारलं की त्या घरी भेटायला जाणं म्हणजे दारावर जाणं. गावात बोलणं झालं होतं की नाना वारले आणि चॅनलवाले लपवताहेत, म्हणून तर दोन महिने जुनंच दाखवत होते. पिशवीत नारळ होता. हा माणूस नानांना कधी भेटलेला नव्हता. एकदा त्यांचं ऐकून त्यांनी पट्टी ओढून बघितली होती, तेल चहासारखं दिसलं म्हणून जुना ट्रॅक्टर घेतला नव्हता. तेवढ्या ओळखीवर ते पेरणीचे दिवस सोडून पावसातून आले होते.

मी सुरतेला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "नाना, इथे एक आप्पा आलेत. तुमच्या दारावर जायचंय म्हणतात."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग मागे लूमची खडखड आणि नानांचा आवाज, "आरे भाऊ, मी जित्ता शे!"

आप्पा उठून उभेच राहिले. फोनकडे बघत हात जोडले. मग दोघे अर्धा तास बोलले. पाऊस किती झाला, कपाशी लावली का, सुरतेत पाणी कसं आहे, गुडघे कसे आहेत. गाड्यांबद्दल एक अक्षर नाही. शेवटी आप्पांनीच सांगितलं की तो नवा पोऱ्या तुमच्यासारखा बोलायला बघतो. नाना म्हणाले, त्याला फोन द्या. पोरगा पुढे झाला. नाना त्याला जे बोलले ते मला आजही पाठ आहे. "तू मन्हा आवाज काब्र काढी ऱ्हायना बेटा? तुन्हा आवाज काढ. आन पेचकस लावना म्हनजे खरंच आयक. लोकेसले समजस."

पोराच्या डोळ्यात पाणी आलं. मी खाली बघत होतो, कारण ती टोपी त्याच्या डोक्यावर मी ठेवली होती.

त्याच रात्री मोबाइलवर बातमी आली, ख्रिस इव्हान्सने टॉप गिअर सोडलं. आदल्याच दिवशी त्याचा सहावा आणि शेवटचा भाग लागला होता. मी उठून बसलो. 2015 च्या मार्चमध्ये क्लार्कसनने एका प्रोड्युसरवर हात उचलला, बीबीसीने त्याला आधी निलंबित केलं आणि नंतर करार पुढे वाढवला नाही. ते योग्यच झालं. कार्यक्रम कितीही गाजो, सोबतच्या माणसावर हात टाकणाऱ्याला घरी बसवावंच लागतं. पण लोकांचं प्रेम असला न्याय बघत नाही. त्याला परत आणा म्हणून दहा लाखांवर सह्या झाल्या आणि तो अर्ज स्टिगच्या, म्हणजे कार्यक्रमातल्या तोंड न दाखवणाऱ्या हेल्मेटवाल्या ड्रायव्हरच्या, वेषातल्या माणसाने लष्करी रणगाड्यावरून लंडनमध्ये बीबीसीच्या दारात नेला. हॅमंड आणि मे त्याच्या मागोमाग गेले. ठरलेले शेवटचे भाग अडकून पडले, आणि जूनमध्ये उरलेलं चित्रीकरण जोडून एक भाग दाखवला तेव्हा ते दोघे प्रेक्षकांविना रिकाम्या स्टुडिओत उभे होते. इतक्या वर्षांच्या सोबतीला धड निरोपही मिळाला नाही.

मग इव्हान्स आला. सोबत मॅट लब्लांक, जर्मनीची रेसिंगवाली झबीने श्मित्स, ख्रिस हॅरिस, रोरी रीड, एडी जॉर्डन अशी मोठी फौज. पहिल्या भागाला ब्रिटनमध्ये 44 लाख प्रेक्षक होते, शेवटच्याला 19 लाख. लोक म्हणाले, तो ओरडतो. मीही पाहिलं होतं, ओरडायचा खरा. पण त्या रात्री मला वाटलं, त्या माणसाला दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून उभं केलं होतं. स्टुडिओ तसाच, सुरुवातीचं संगीत तेच. लोक जुनी माणसं शोधत होते, ती सापडेनात, आणि समोर जो उभा होता तो त्यांच्या दुःखाच्या आड येत होता.

आणखी एक गोष्ट आठवली. 2002 साली टॉप गिअर नव्या रूपात सुरू झालं तेव्हा जेम्स मे त्यात नव्हता. त्याच्या जागी जेसन डॉ नावाचा माणूस होता, जुन्या गाड्यांच्या खरेदीचं सांगणारा. म्हणजे आमच्या नानांचंच काम. मे दुसऱ्या सीझनला, 2003 मध्ये आला. ज्या तिघांसाठी जगाने डोळे गाळले, त्यांची जोडीसुद्धा माणूस बदलूनच जमली होती. मला त्या रात्री याचा मोठा आधार वाटला.

पुढच्या रविवारी कार्यक्रमाच्या सुरुवातीला मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसलो. नाना सुरतेला गेलेत, सुखरूप आहेत, हे दोन महिने तुमच्यापासून लपवलं ती माझी चूक, माफ करा, असं सांगितलं. नानांना फोन लावला. ते सात मिनिटं बोलले, मी एक सेकंदही कापला नाही. मग पोरगा आला. टोपी नाही. "आता हे पाहा भो, तेलात पाणी मिसयलं का त्याचा रंग असा चहासारका होतो. मंग असा ट्रॅक्टर कोनी फुकट देला तरी घेऊ नका." आणि पेचकस कानाला लावून तो गप्प बसला. मी कॅमेरा जवळ नेला. त्याने डोळे मिटले नाहीत. नाना मिटायचे, याने इंजिनाकडे टक लावली. बावीस सेकंद. एडिटिंगला बसलो तेव्हा मोजले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका स्पेअर पार्टवाल्याने जाहिरात बंद केली ती केलीच. कित्येक घरं रविवारी दुसरं चॅनल लावू लागली. अहिराणी का बंद केली म्हणून भांडणारे वर्षभर भेटत होते, आणि त्यांचं म्हणणं मला पटतही होतं. आमच्या बोलीत टीव्हीवर कोण बोलतं? तिकडे टॉप गिअर लब्लांक, हॅरिस आणि रीडने सावरून धरलं, 2019 मध्ये पुन्हा माणसं बदलली, 2022 च्या डिसेंबरात नव्यांपैकी एकाला, क्रिकेटवाल्या फ्लिंटॉफला, शूटिंगमध्ये मोठा अपघात झाला आणि 2023 मध्ये बीबीसीने ते थांबवलं. आमचा पोरगा अडीच वर्षं टिकला.

ऑगस्टच्या अखेरीस, पोळ्याच्या आधीच्या रविवारी, रात्री साडेआठला फोन वाजला. पारोळ्याच्या बाई. मागे टीव्हीवर आमच्याच कार्यक्रमाची शेवटची धून चालू होती.

"त्या इचारी ऱ्हायनात," बाई नवऱ्याबद्दल म्हणाल्या, "हाऊ पोऱ्या कोना शे?"

मी त्याच्या वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, केळीचं शेत आहे हेही सांगितलं. त्यांनी फोन बाजूला धरून ते सगळं मोठ्याने पुन्हा म्हटलं. पलीकडून तुटक आवाजात काहीतरी आलं. मला ते कळलं नाही. "फैजपूरले त्या गाडी लई जायेत," त्या म्हणाल्या. "रस्ता आठवना त्यासले."