हेलन रामिरेझची बाराची गाडी

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातले दोन दिवस छान गेले. सप्टेंबरात धबधबे आटलेले होते, पार्किंगसाठी पाऊण तास घिरट्या घातल्या, एल कॅपिटानच्या कड्याकडे बघून मान अवघडली. त्यावर इतक्या जणांनी लिहिलंय की मी नव्याने काय सांगणार? मला लिहायचंय ते परतीच्या दिवसाबद्दल. आणि एका बाईबद्दल, जिला मी पहिल्यांदा बघितलं ते दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये.

बाबा मालगाडीवर गार्ड होते. १९८५-८६ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा चार घरांनी वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने आणायच्या, अशी आमच्या चाळीत रीत होती. दोन हिंदी पिक्चर सगळ्यांच्या पसंतीचे, तिसरा बाबांचा. त्यांना घोड्यांचे, टोपीवाल्यांचे पिक्चर फार आवडायचे. तिसरी कॅसेट लागेपर्यंत रात्रीचा एक वाजलेला असायचा, शेजारी पांगलेले, आई केव्हाच झोपलेली. उरायचो बाबा आणि मी. त्या रात्री लागला 'हाय नून'. १९५२ सालचा, कृष्णधवल.

गोष्ट बाबांच्या जिव्हाळ्याची होती, कारण ती एका गाडीची वाट बघण्याची होती. हॅडलीव्हिल गावचा मार्शल विल केन याचं सकाळीच लग्न झालंय, नोकरी सोडून तो बायकोबरोबर निघालाय. तेवढ्यात कळतं, त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीने येतोय. तिघे साथीदार स्टेशनवर बसून आहेत. केन मागे फिरतो, गावात दारोदार मदत मागतो, एकही माणूस पुढे येत नाही. दर थोड्या वेळाने भिंतीवरचं घड्याळ दिसतं. बाबा पडद्याकडे बघत म्हणाले, "गाडी राइट टाइम आहे. आता काही खरं नाही."

मी मात्र हेलन रामिरेझकडे बघत होते. ही गावातली मेक्सिकन बाई, सलूनची, म्हणजे दारूच्या गुत्त्याची मालकीण. आधी मिलरची मैत्रीण, मग केनची, आता केनच्या हाताखालच्या डेप्युटीची. असं पात्र म्हटलं की सिनेमात ती एकतर रडते किंवा मरते, एवढं मला त्या वयातही ठाऊक होतं. हेलन दोन्ही करत नाही. ती शांतपणे दुकान विकते. गावातलं एक दुकान वीव्हर नावाच्या माणसाच्या नावाने चालतं, पण भांडवल तिचं असतं. ती त्याला वर खोलीत बोलावते, सौदा ठरवते, आणि जाताना तो सांगतो की तुम्ही माझ्याशी नेहमी सरळ वागलात. तीही तेच म्हणते, तुम्हीही माझ्याशी सरळ वागलात. बस. ज्या गावाने तिला चारचौघांत कधी मान दिला नाही, तिथून ती स्वतःचा हिशेब चुकता करून निघते. केटी हुरादो या नटीने तो प्रसंग असा केलाय की चेहऱ्यावर एक रेष हलत नाही आणि तरी त्या खोलीतलं सगळं वजन तिच्याकडे झुकतं.

मग केन तिला भेटायला येतो, आणि मध्येच ती त्याच्याशी स्पॅनिशमध्ये एक वाक्य बोलते. तो स्पॅनिशमध्येच उत्तर देतो. खाली भाषांतर नाही, काही नाही. बाबांनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे घेतली.

"काय म्हणाली गं ती?"

मला कुठून कळणार? पुढे कितीतरी वर्षं, अधूनमधून जेवताना, ते तेच विचारायचे. उत्तर न मिळताच ते गेले, त्याला आता आठ वर्षं झाली.

तर त्या दिवशी मी लेकीला म्हटलं, घरी फ्रीमाँटला जायच्या आधी थोडं वाकडं जाऊ. आमचे हे मागच्या सीटवर झोपले होते, त्यांचा विरोध नव्हता. १२० नंबरच्या रस्त्याने आपली मंडळी योसेमिटीला जातात आणि त्याच रस्त्याने परत येतात. जेम्सटाउनचा फाटा सहसा कुणी घेत नाही. आजूबाजूला सगळं गवत वाळून पिवळं झालेलं, मधूनच एखादं ओकचं झाड. उन्हाळ्यात दौंडवरून नगरकडे जाताना दिसतं तसलंच माळरान. फक्त माती काळी नाही.

जेम्सटाउनला 'रेलटाउन १८९७' नावाचं सरकारी उद्यान आहे. म्हणजे खरं तर सिएरा रेल्वेची जुनी कार्यशाळा: राउंडहाउस म्हणजे इंजिनांची गोलाकार शेड, इंजिन वळवायचं हाताने फिरणारं टर्नटेबल, तेलकट लाकडाचा वास. तिथे तीन नंबरचं इंजिन आहे. १८९१ साली न्यू जर्सीतल्या पॅटरसनला रॉजर्स कंपनीने बांधलेलं, १८९७ पासून या रेल्वेकडे. याच इंजिनाने 'हाय नून'मधली बाराची गाडी ओढली. मी बराच वेळ त्याच्यासमोर उभी होते. बाबा असते तर चाकं मोजली असती. पुढे चार लहान, मग सहा मोठी.

या इंजिनाची एक हकीकत दिग्दर्शक फ्रेड झिनेमान यांनी सांगितलेली आहे. लांबून येणारी गाडी टिपायला ते आणि छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी रुळावरच आडवे झाले होते. गाडी येताना आधी पांढरा धूर दिसला, मग काळा. काळा धूर छान दिसतोय म्हणून दोघे खूश. ब्रेक धरत नाहीयेत याची ती खूण होती, हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटच्या क्षणी उठले, कॅमेऱ्याचं तिकाटणं रुळात अडकलं, कॅमेऱ्याचा चुराडा झाला. आतली फिल्म वाचली, आणि तो शॉट सिनेमात आहे. तो बघताना आमच्या घरात एकच माणूस जागच्या जागी ताठ बसला होता. "अरे, ही थांबत नाहीये," असं बाबा त्या रात्री म्हणाल्याचं मला लख्ख आठवतं. मला तेव्हा वाटलं, पिक्चरमध्ये रंगून गेलेत. गार्डाच्या नजरेला काय दिसलं होतं, ते मला त्या इंजिनापुढे उभी राहिल्यावर उमगलं.

पुढे कोलंबियाला गेलो. १८५० साली सोनं सापडलं म्हणून वसलेलं गाव, आता सगळं राखून ठेवलंय: विटांच्या इमारती, आगीच्या भीतीने बसवलेली लोखंडी दारं, लाकडी फुटपाथ, घोड्यांची बग्गी. रविवार होता. शाळकरी मुलांची झुंबड, सोनं चाळायच्या हौदापाशी रांग. मला गर्दी सोसत नाही, आणि तिथे मेणात वात बुडवून मेणबत्त्या करतात त्यालाही माझी ना नाही, पण माझं चित्त तिथे नव्हतं.

तिथून जवळच रस्त्यावरच्या एका भेटवस्तूंच्या दुकानात मात्र मी चिडले. तिथे 'हाय नून'चे मग, पोस्टर, चुंबकं, सगळं होतं. केन झालेला गॅरी कूपर होता, ग्रेस केली होती, डेप्युटी झालेला लॉइड ब्रिजेसही होता. हेलन कुठेच नव्हती. काउंटरवरच्या तरुणाला विचारलं तर तो म्हणाला, ती कोण? त्या पोराचा दोष नाही. पण त्या वर्षी सहायक अभिनेत्रीचं गोल्डन ग्लोब पारितोषिक या भूमिकेसाठी केटी हुरादोला मिळालं होतं. सिनेमात ग्रेस केलीला, म्हणजे नवरीला, जे कुणी सांगत नाही ते हेलन सांगते: हा माझा माणूस असता तर मी त्याला सोडून गेले नसते, बंदूक घेऊन लढले असते. शेवटी नवरी गाडीतून उडी टाकून परत फिरते, त्यामागे हे शब्द आहेत. त्या बाईचं मगावर चित्रही नाही. मी काहीही न घेता बाहेर आले, आणि ओकडेलपर्यंत लेकीला तिचीच माहिती देत राहिले.

१९२४ साली मेक्सिकोत जन्म. घरच्यांचा सिनेमाला विरोध, तरी १९४३ पासून पडद्यावर. घर चालवायला बैलझुंजींवर आणि सिनेमावर लेखन, रेडिओवर काम. बैलझुंजीच्या मैदानातच दिग्दर्शक बड बॉटिकर यांच्या नजरेत भरली आणि १९५१ मध्ये पहिला हॉलिवूडपट मिळाला. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून संवाद नुसत्या उच्चारांवरून पाठ केले. लगेच पुढचा 'हाय नून'. म्हणजे जो ठामपणा बघून मी थक्क झाले होते, तो एका नव्या, परक्या भाषेत उभा केलेला होता. मी पन्नाशीनंतर अमेरिकेत येऊन बँकेत दोन वाक्यं बोलताना अडखळते, तेव्हा मला हे फार मोठं वाटतं.

हॉलिवूडने तिला काम दिलं, पण चौकट आखून. १९५४ च्या 'ब्रोकन लान्स'मध्ये ती स्पेन्सर ट्रेसीची कोमांची जमातीतली बायको झाली. मुलाच्या भूमिकेत रॉबर्ट वॅग्नर, तो तिच्याहून सहाच वर्षांनी लहान. तिशीतली बाई, डोईवर आईपण. आपल्याकडच्या कितीतरी गुणी नट्यांचं हेच झालं, हे वेगळं सांगायला नको. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. मेक्सिकन नटीला मिळालेलं ते पहिलं. त्याच काळात मायदेशी ती दिग्दर्शक लुइस बुन्युएलच्या 'एल ब्रूतो'मध्येही होती. अर्नेस्ट बोर्गनाइनशी लग्न झालं, मोडलं. १९८१ साली मुलगा अपघातात गेला. त्यानंतरही ती काम करत राहिली. २००२ साली कुएर्नावाकाला वारली.

आणि १९७३ चा 'पॅट गॅरेट अँड बिली द किड'. त्यात ती एका म्हाताऱ्या शेरीफची बायको आहे, हातात बंदूक घेऊन नवऱ्याबरोबर चकमकीत उतरलेली. त्याला गोळी लागते. तो पोट धरून नदीकाठी जाऊन बसतो, ती थोड्या अंतरावर गुडघ्यांवर टेकते. तो नदीकडे बघतोय, ती त्याच्याकडे. एक शब्द नाही. बॉब डिलनचं गाणं सगळ्यांना आठवतं. मला तिचे डोळे आठवतात. वेस्टर्न सिनेमांत माणसं ढिगाने मरतात, पण एखादं मरण कुणाचं तरी माणूस गेल्यासारखं वाटावं, असं मी फार थोड्यांदा बघितलंय.

ओकडेलला जेवायला थांबलो. एक छोटंसं मेक्सिकन खानावळवजा दुकान, पाच टेबलं, काउंटरमागे साठीतल्या बाई. हे मांस खात नाहीत, तर त्यांनी चीज आणि मिरचीचे तमाले सुचवले. मक्याच्या सालात गुंडाळून वाफवलेले. उघडताना मला आजीच्या हळदीच्या पानातल्या पानग्या आठवल्या. लेकीला जुजबी स्पॅनिश येतं. तिने सहज सांगितलं, आईला केटी हुरादो आवडते.

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांना 'हाय नून' माहीतच नव्हता. त्यांची केटी १९४८ च्या 'नोसोत्रोस लोस पोब्रेस'मधली, नट पेद्रो इन्फान्तेबरोबरची. त्यात तिच्या पात्राला नावही नाही, नुसती 'उशिरा उठणारी'. मेक्सिकोत तो सिनेमा टीव्हीवर किती वेळा लागतो आणि त्यांची आई प्रत्येक वेळी कशी रडायची, हे त्या सांगत होत्या. लेक भाषांतर करत होती, दोघी मध्येच हसत होत्या. दुकानातल्या त्या तरुणाला जे नाव ठाऊक नव्हतं, ते इथे घरच्या माणसासारखं घेतलं जात होतं.

मग मी धीर करून लेकीच्या फोनवर तो प्रसंग लावला. बाई काउंटरवर वाकून ऐकू लागल्या. त्यांनीही पुन्हा लाव म्हणून खूण केली. मग लेकीला काहीतरी सांगितलं.

"आई, ती म्हणतेय, वर्ष झालं तुला बघून. आणि तो म्हणतो, हो, माहीत आहे."

एवढंच. एवढंसंच वाक्य. मला पुढचा घास गिळेना. बाईंनी काही विचारलं नाही. आणखी दोन तमाले कागदात बांधून दिले आणि पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर हाताने 'राहू दे' केलं, आपल्याकडे करतात अगदी तसंच.

ओकडेलच्या आग्नेयेला वॉर्नरव्हिल म्हणून जागा आहे. सिनेमातलं ते स्टेशन इथलं. गावातला रस्ता स्टुडिओतला, बरबँकचा, पण रूळ इथले. हे म्हणाले, बघायला काय आहे तिथे? बघायला खरंच काही नव्हतं. काटेरी तारेचं कुंपण, पलीकडे गाई, आणि दोन्ही दिशांना सरळ गेलेले रूळ. तिघे गुंड ज्या बाजूला नजर लावून बसलेले असतात, त्या बाजूला ऊन उतरत होतं. हेलन इथून गाडीत बसते. गोळीचा आवाज आल्यावर नवरी उतरून धावत सुटते, हेलन गाडीतच राहते. तिचं तिथलं सगळं देणंघेणं संपलेलं असतं.

लेक गाडीपाशी थांबली. मी कुंपणापर्यंत गेले. आसपास कुणी नव्हतं. दोघांची ती दोन वाक्यं मी मराठीत मोठ्याने म्हटली, आधी तिचं, मग त्याचं. मग परत येऊन बसले, आणि तमाल्यांचा कागद मांडीवर घेतला. तो अजून कोमट होता.